प्रत्येक वाटेला तिची अट : एड्सगर डाइक्स्ट्रा

१९५७ साली अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेत विवाहनोंदणीचा अर्ज भरताना एका तरुणाने व्यवसायाच्या रकान्यात ‘प्रोग्रॅमर’ असे लिहिले. असा कोणताही व्यवसाय अस्तित्वात नाही, असे सांगून नगरपालिकेने ती नोंद नाकारली. अखेर त्या जागी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहून लग्न पार पडले. हा तरुण म्हणजे एड्सगर वायबे डाइक्स्ट्रा. पुढे ज्या मोजक्या लोकांनी प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाला एका गंभीर विद्याशाखेची प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत डाइक्स्ट्रा यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते ते दोन कारणांनी. एक, दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत आणि दुसरे, ‘गोटू’ या आज्ञेविरुद्धचे त्यांचे गाजलेले पत्र. त्यांच्या विचारांचा तिसरा धागा मात्र तितकासा प्रसिद्ध नाही, आणि प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामाशी सर्वांत निकटचा तोच आहे. प्रोग्रॅममध्ये वाट फुटते त्या ठिकाणी ती निवड कशी लिहावी? ‘हे असेल तर असे, नाहीतर ते असेल तर तसे’ अशी इफ-एल्सची साखळी लावावी, की एका किमतीवरून थेट योग्य कप्प्यात नेणारे ‘स्विच’ वापरावे? नवख्याला हा प्रश्न शैलीचा वाटतो, अनुभवी माणसाला वेगाचा. डाइक्स्ट्रांना तो सत्याचा वाटत असे.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते. आई गणितज्ञ होती; तिने नोकरी कधी केली नाही, पण मुलाच्या बुद्धीवर सर्वांत खोल ठसा उमटला तो तिचाच. त्रिकोणमिती अवघड असते का, या मुलाच्या प्रश्नावर तिने सूत्रे नीट पाठ करायला सांगितले आणि उत्तर पाच ओळींपेक्षा लांबू लागले तर वाट चुकली आहे असे समजावे, अशी पुस्ती जोडली. हा मुलगा आयुष्यभर त्या पाच ओळींच्या कसोटीला लागला. शाळेत असताना त्याचा ओढा कायद्याकडे होता, संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करण्याचे स्वप्न होते. परंतु विज्ञानातील गुण इतके घसघशीत पडले की लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र हीच वाट ठरली.

१९५१ साली केंब्रिज येथे प्रोग्रॅम लिहिण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग त्यांनी केला आणि १९५२ च्या मार्चमध्ये अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. त्यांना तेथे आणणारे आद्रियान व्हॅन वाइनखार्डन हे द्रष्टे गृहस्थ होते. भौतिकशास्त्र की प्रोग्रॅमिंग, या द्विधेत सापडलेल्या या तरुणाला त्यांनी १९५५ मध्ये समजावले की संगणक आता कायमचे आले आहेत, या कामाला शास्त्राचे रूप अजून यायचे आहे, आणि ते देणाऱ्यांपैकी तो स्वतः एक होऊ शकतो. द्विधा तिथेच संपली.

पुढच्याच वर्षी आर्मॅक या नव्या यंत्राच्या उद्घाटनासाठी सामान्य माणसाला समजेल असे प्रात्यक्षिक हवे होते. खरेदीने थकून वाग्दत्त वधूसह एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी घेत बसलेल्या डाइक्स्ट्रांनी कागद-पेन्सिलीविना वीसेक मिनिटांत जवळच्या मार्गाची रीत मनातच बांधली. नेदरलँड्समधील ६४ शहरांच्या नकाशावर ती चालवून दाखवण्यात आली. ती प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये, अवघ्या तीन पानांत. आईची कसोटी इथेही दिसते.

त्या काळी प्रोग्रॅममध्ये निवड लिहिण्याची साधने ओबडधोबड होती. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेतील ‘इफ’ एका संख्येकडे पाहून ती ऋण, शून्य की धन यावरून तीनपैकी एका क्रमांकाच्या ओळीवर उडी मारायला लावी. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिताना या प्रकाराला कंटाळलेल्या अमेरिकेच्या जॉन मॅकार्थी यांनी अटी आणि त्यांची उत्तरे ओळीने मांडण्याची पद्धत शोधली. त्यांच्याच आग्रहातून ‘इफ-देन-एल्स’ ही रचना अल्गॉल ६० या आंतरराष्ट्रीय भाषेत आली. त्याच भाषेत ‘स्विच’ हा शब्दही होता. पण तो आजच्या अर्थाने नव्हे. ती केवळ उडी मारण्याच्या ठिकाणांची क्रमवार यादी होती. तिच्यावरून कुठे जायचे ते ठरवणारी आज्ञा गोटूच असे.

या अल्गॉलसाठी एक्स-१ या यंत्रावर भाषांतरक, म्हणजे कंपायलर, तयार करण्याचे काम डाइक्स्ट्रा आणि त्यांचे सहकारी याप झोनेव्हेल्ड यांनी हाती घेतले. काम पुरे होईपर्यंत दाढी करायची नाही, असा दोघांचा पण होता. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालू झाला. झोनेव्हेल्ड यांनी लवकरच दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ती अखेरपर्यंत ठेवली. भाषेचा प्रत्येक शब्द यंत्राच्या पातळीवर उतरवण्याच्या या कामामुळे निवडीच्या दोन रीतींमधला फरक त्यांनी आतून पाहिला होता.

हा फरक समजून घेण्यासाठी एखाद्या मोठ्या इमारतीत आलेला पोस्टमन डोळ्यांसमोर आणावा. तळमजल्यावर क्रमांक घातलेल्या टपालपेट्या असतील, तर पाकिटावरचा क्रमांक पाहून तो थेट त्या पेटीशी जातो. घरे वीस असोत वा दोनशे, त्याचे श्रम तेवढेच. स्विचचे काम बहुधा असे चालते. किमती ठरावीक आणि लगतच्या असल्या की कंपायलर त्यांचा तक्ता करून ठेवतो. पेट्या नसतील तर पोस्टमनला एकेक दार ठोठावत जावे लागेल. ही इफ-एल्सची साखळी. तिच्यात वेळ जास्त जातो, पण प्रत्येक दाराशी वेगळा प्रश्न विचारण्याची मुभा असते. महिन्याच्या क्रमांकावरून त्याचे दिवस सांगायचे असतील तर स्विच शोभते. उत्पन्न, वय आणि व्यवसाय मिळून एखादी सवलत ठरवायची असेल तर तक्ता निरुपयोगी, तिथे अटीच लिहाव्या लागतात. पाठ्यपुस्तकांतील उत्तर साधारण इथेच थांबते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

कारण साखळीत एक गोष्ट दडलेली असते. वीजबिलाचे उदाहरण घ्यावे. शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा आणि त्यावर तिसरा, असे मानू. प्रोग्रॅमर आधी ‘तीनशेहून अधिक का’ विचारतो, मग ‘शंभरहून अधिक का’. दुसऱ्या प्रश्नात ‘पण तीनशेहून अधिक नाही’ हे कुठेही लिहिलेले नसते. ते केवळ क्रमातून गृहीत धरलेले असते. उद्या दुसऱ्या कुणी या दोन ओळींची अदलाबदल केली, तर पाचशे युनिट जाळणाऱ्याला मधला दर लागेल आणि यंत्र हूं की चूं करणार नाही. बहुतेक ग्राहक ज्या टप्प्यात असतात तो वेगासाठी वर घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. अशा वेळी क्रमावर दोन ओझी पडतात, वेगाचे आणि अर्थाचे. शेवटच्या ‘एल्स’ची गत तर आणखी वाईट. जे जे सुचले नाही ते ते सारे मुकाट्याने तिथे जाऊन पडते.

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे मूठभर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारी संगणकप्रणाली बांधली, आणि कोणता प्रोग्रॅम कधी पुढे सरकेल हे आधी सांगता येत नसतानाही ती बिनचूक चालेल, याची तर्काने खात्री देता येते हे दाखवून दिले. १९६४ साली त्यांचे स्नेही टोनी होअर यांनी क्रमांकावरून अनेकांतील एक पर्याय उचलणारी ‘केस’ ही रचना सुचवली होती. आजच्या स्विचचे कूळ तेथपर्यंत नेता येते.

मार्च १९६८ मधील डाइक्स्ट्रांचे पत्र या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. त्यांनी मूळ लेखाला दिलेले शीर्षक सौम्य होते. नियतकालिकाचे संपादक निकलाउस वर्थ यांनी तो पत्र म्हणून छापला आणि गोटू अपायकारक आहे असे सांगणारा जळजळीत मथळा त्यांनीच दिला. वाद पेटला, आणि त्या धुरळ्यात पत्रातला खरा मुद्दा बाजूला पडला. मुद्दा असा होता की माणसाची बुद्धी स्थिर गोष्टी चांगल्या जाणते, काळात सरकणाऱ्या गोष्टी फारशा नाही. म्हणून कागदावरचा मजकूर आणि यंत्रातील घडामोडी यांत होता होईल तितके कमी अंतर असावे; या ओळीवर बोट ठेवले की काय काय घडून गेले आहे ते कळले पाहिजे. गोटूने ते कळेनासे होते. मात्र इफ-एल्स, मॅकार्थी यांची अटींची ओळ आणि होअर यांची केस या तिन्ही रचनांना त्यांनी त्याच पत्रात निःशंक मान्यता दिली होती. ज्यांच्या नावावर केवळ एका आज्ञेचा द्वेष चिकटवला गेला, त्यांनी पर्यायी वाटांचा विचार इतका काळजीपूर्वक केला होता, हे पुढच्या पिढ्यांच्या फारसे लक्षात राहिले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक कटू प्रसंग आला. ज्या व्हॅन वाइनखार्डन यांनी त्यांना प्रोग्रॅमर केले, त्यांच्याच नेतृत्वाखाली अल्गॉल ६८ ही नवी भाषा आकाराला येत होती. ती अवजड आणि अनाकलनीय झाली आहे, असे डाइक्स्ट्रांचे मत झाले आणि होअर प्रभृतींसह त्यांनी विरोधी अहवालावर सही केली. गंमत अशी की त्या भाषेतील एक चिमुकली युक्ती पुढे त्यांनाही उपयोगी पडली. इफच्या आत इफ आले की शेवटचे एल्स नक्की कुणाचे, हा संभ्रम नेहमीचा. अल्गॉल ६८ ने इफची अक्षरे उलटी करून ‘फि’ हा शेवट ठरवला. जेथे उघडले तेथेच बंद, संभ्रम खलास.

१९७२ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. पुढील वर्षी ते बरोज कंपनीचे संशोधक झाले आणि आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातील घरातूनच काम करू लागले. कार्यालय म्हणजे अभ्यासिका, साधन म्हणजे शाईचे पेन. आपल्या आद्याक्षरांचा शिक्का असलेली क्रमांकित टिपणे सुबक हस्ताक्षरात लिहायची, प्रती काढून मोजक्या मित्रांना धाडायच्या, आणि त्या मित्रांनी आणखी प्रती काढून पुढे पाठवायच्या, असा परिपाठ होता. संगणकशास्त्रातील या दिग्गजाने स्वतःच्या घरात संगणक आणायला कैक वर्षे घेतली.

ऑगस्ट १९७५ मध्ये त्यांनी निवडीच्या प्रश्नाचे आपले उत्तर प्रसिद्ध केले. कल्पना साधी होती. प्रत्येक पर्यायाच्या दाराशी त्याची स्वतःची अट, एक पहारेकरी, उभा करायचा. कुणाचीही अट दुसऱ्याच्या क्रमावर अवलंबून राहणार नाही. एल्स नाही. दोन संख्यांतील मोठी निवडायची असेल, तर रूढ पद्धतीत ‘पहिली मोठी असेल तर पहिली, नाहीतर दुसरी’ असे लिहितात आणि दोन्ही समान असण्याची शक्यता ‘नाहीतर’मध्ये गडप होते. डाइक्स्ट्रा लिहीत ते असे की पहिली दुसरीहून लहान नसेल तर पहिली घ्या. दुसरी पहिलीहून लहान नसेल तर दुसरी घ्या. समान असतील तर दोन्ही दारे उघडी, यंत्राने वाटेल त्यातून जावे, उत्तर तेच. ओळींची अदलाबदल केली तरी अर्थ तसूभर हलत नाही. आणि एकही दार उघडले नाही तर? प्रोग्रॅम तिथेच कोसळेल. न सुचलेल्या शक्यतेला आसरा मिळणार नाही.

व्यवहारी मंडळींना हे पटणे कठीण होते. विमान चालवणाऱ्या प्रोग्रॅमने अर्ध्या आकाशात हात टेकले तर काय, ही शंका रास्तच होती. डाइक्स्ट्रांच्या दृष्टीने ती चुकीच्या माणसाला विचारलेली होती. कोसळण्याची वेळ येणार नाही हे प्रोग्रॅम चालवण्याआधी सिद्ध करणे, हेच तर प्रोग्रॅमरचे काम! हा आग्रह तत्त्वतः बिनतोड असला तरी मुदतीच्या ओझ्याखाली काम करणाऱ्या हजारोंना तो झेपण्याजोगा नव्हता, आणि ही अडचण त्यांनी कधी फारशी मनावर घेतली नाही. त्यांचा स्वभावही त्याला कारण होता. लोकप्रिय भाषा आणि त्या शिकवणारे यांच्यावर ते इतक्या तिखटपणे तुटून पडत की विरोधकांना मुद्द्याऐवजी टोमणाच लक्षात राही.

दरम्यान अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांच्या हातून घडलेली सी ही भाषा जगभर पसरली. तिच्यातील स्विचमध्ये एका कप्प्याचे काम संपले की प्रवाह आपसूक पुढच्या कप्प्यात घुसतो. थांबवायचे तर ‘ब्रेक’ हा शब्द आठवणीने लिहावा लागतो. १९८४ मध्ये डाइक्स्ट्रा टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात प्राध्यापक होऊन अमेरिकेत गेले होते. ते तेथे असतानाच १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास कोलमडली. एक केंद्र बिघाडातून सावरले की शेजारच्या केंद्रांना तसा संदेश देई. त्यापाठोपाठ लगेच दुसरा संदेश आला की शेजारचे केंद्र स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होई, आणि सावरताना तोच संदेश पुढे धाडी. अशी ११४ केंद्रे एकमेकांना आळीपाळीने पाडत राहिली. मूळ कारण सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधील एक ब्रेक होता. स्विचच्या एका कप्प्यातील इफच्या आत तो लिहिला होता. लिहिणाऱ्याला वाटले त्याने इफमधून बाहेर पडू. भाषेच्या नियमाने तो स्विचमधूनच बाहेर घेऊन गेला. पुढची आवश्यक कामे राहून गेली. मजकूर एक सांगत होता, यंत्र दुसरेच करत होते. बावीस वर्षांपूर्वीच्या पत्रातले अंतर ते हेच.

दोष स्विचचा, असा निष्कर्ष काढून इफ-एल्सकडे वळावे तर तिथेही सुटका नाही. २०१४ मध्ये अॅपलच्या सुरक्षा प्रणालीत ओळीने लावलेल्या इफपैकी एकाखाली गोटूची ओळ चुकून दोनदा उमटली. पहिली अटीच्या ताब्यात होती, दुसरी कुणाच्याच नव्हती. पुढची महत्त्वाची तपासणी त्यामुळे कधी होतच नव्हती आणि बनावट संकेतस्थळालाही खरे मानले जाण्याचा धोका निर्माण झाला. गोटूवर पत्र लिहिणारा माणूस हे पाहायला हयात नव्हता.

ऑस्टिनची वर्षे शांततेत गेली. छोट्या वर्गाला फळ्यावर शिकवणे, पत्नीसोबत फोक्सवॅगनच्या घरगाडीतून अमेरिकेतील उद्याने पाहत हिंडणे. ट्युरिंग यांच्या नावावर कोटी करून त्या गाडीचे नावही त्यांनी ‘टूरिंग मशीन’ ठेवले होते. १९९९ मध्ये ते निवृत्त झाले. कर्करोगाने गाठल्यावर २००२ च्या आरंभी ते न्यूनेनच्या घरी परतले. एप्रिलमध्ये त्यांनी शेवटचे, १३१८ क्रमांकाचे टिपण लिहिले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

पहारेकऱ्यांची कल्पना त्यांच्या मागे उरली, पण तुकड्यातुकड्यांनी. होअर यांनी १९७८ मध्ये परस्परांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमांच्या आपल्या सिद्धांतात ती घेतली. तेथून ती गूगलच्या गो भाषेतील ‘सिलेक्ट’मध्ये पोहोचली. एकाच वेळी अनेक दारे उघडी असतील तर हे सिलेक्ट त्यांतील एक खरोखरच यदृच्छेने निवडते. २०१४ च्या स्विफ्टने आणि २०१५ मध्ये स्थिरावलेल्या रस्टने एका कप्प्यातून दुसऱ्यात आपसूक घसरणे बंद केले आणि एखादी शक्यता लिहायची राहिली तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच अडवण्याचा नियम केला. जावामध्येही २०२० साली आलेल्या स्विचच्या नव्या रूपात हा नियम आहे. डाइक्स्ट्रांनी जे प्रोग्रॅमरच्या सिद्धतेवर सोपवले होते, त्याचा एक भाग आता कंपायलर पार पाडतो. या भाषांमध्येही ‘बाकी सगळे’ असा शेवटचा कप्पा लिहिण्याची सोय ठेवलेली आहे. तो लिहिला की तपासणी गप्प होते, आणि घाईत असलेले लोक तो लिहितातच.

शाईच्या पेनाने लिहिलेल्या त्या टिपणांच्या प्रतिमा ऑस्टिनच्या विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. अक्षर अजूनही स्वच्छ वाचता येते. खाडाखोड क्वचितच दिसते.